कार्ड खिशात, दवाखाना कुलपात



मागच्या श्रावणात आमच्या शेजारच्या गावी पऱ्हाटीत निंदण करताना एका शेतकऱ्याला साप चावला. दुपारचे चार वाजले होते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून पोरांनी त्याला नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. इमारत नवी, रंग ताजा. दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले : कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत. आत एकटा शिपाई. डॉक्टरांची एक जागा वर्षभर रिकामी, दुसरे डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. सापाच्या विषावरची लस कपाटात होती. कपाटाची किल्ली नर्सबाईंकडे, आणि नर्सबाई पोरांना डोस पाजायला दुसऱ्या गावी.

तिथून जीप करून तालुक्याला. तिथे लस टोचली, पण तोवर डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, श्वास अडकत होता. चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवले. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात श्वासाची सगळी यंत्रे गुंतलेली, म्हणून रात्री खासगीत. पोराने खिशातून योजनेचे कार्ड काढले. खिडकीतल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिले आणि सांगितले, ‘आमचा दवाखाना यादीत आहे, पण या आजारासाठी नाही. आधी वीस हजार भरा.’ वीस हजार रात्री अकरा वाजता कुणी दिले? गावच्या व्यापाऱ्याने. अट एकच : दिवाळीचा कापूस त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने.

माणूस वाचला. पण कापूस भावाच्या खाली गेला, उरलेले बिल भागवायला बैलजोडी गेली, आणि यंदा नांगरटी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. माणूस उभा राहिला, घर बसले. कार्ड अजून खिशात आहे, कोरेच्या कोरे.

आज आम्हाला या कार्डाबद्दल बोलायचे आहे. सरकार म्हणते, विमा दिला म्हणजे आरोग्य दिले. आम्ही म्हणतो, पीक विमा दिला म्हणजे पाऊस दिला असे होत नाही, तसेच हे आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगू

सरकारी ते सगळे वाईट, अशी बोंब मारण्यात आम्हाला रस नाही. आपल्या बापजाद्यांच्या पायांतून नारू निघायचा. हातभर लांब जंत काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, आणि ऐन पेरणीत माणूस महिना महिना खाटेवर. आज गावातल्या पोरांना नारू हा शब्द माहीत नाही. तो कुठल्या मोठ्या इस्पितळाने घालवला नाही आणि कुठल्या विम्यानेही नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्याने गाळायला शिकवले, गावोगाव आरोग्य कर्मचारी हिंडले. २००० साली देश नारूमुक्त ठरला. देवी गेली. पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम सरकारी यंत्रणेने केले, आणि ते गावात येऊन केले.

दुसरे उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर नोकरीला लागला. तिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि पोरे मरत होती. हा डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी रात्ररात्र बसून राहिला, टिपणे ठेवत गेला, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे त्याने जगाला दाखवून दिले. आपल्या आरोग्य केंद्राची खरी ताकद ही आहे. डॉक्टर हजर असेल आणि कपाटात गोळी असेल, तर काही रुपयांत जीव वाचतो.

कार्डाचेही श्रेय नाकारायचे नाही. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली, २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तीत घेतले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची. राज्याने २०२४ पासून तेवढेच संरक्षण सर्व कुटुंबांना लागू केले, आणि त्याच वर्षी केंद्राने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, योजनेत घेतले. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सरचे औषध, डायलिसिस ही नावे ऐकली की पूर्वी शेतकरी घरी परत यायचा आणि मरणाची वाट बघायचा. आज त्यातले कितीतरी जण कार्डावर बरे होऊन शेतात उभे आहेत. ज्याचा जीव वाचला त्याला हे कार्ड निरुपयोगी आहे असे सांगायला आम्ही जाणार नाही.

मग भांडण कशाचे?

कार्ड खाटेला मिळते, आजाराला मिळत नाही

भांडण हे की कार्ड फक्त दवाखान्यात भरती झालेल्याला कामाचे. ताप आला, साखर वाढली, रक्तदाब चढला, गुडघे धरले, पोराला हगवण लागली, तर कार्डाला त्याच्याशी देणेघेणे नाही. रोग वाढून माणूस आडवा पडल्याशिवाय कार्ड बोलत नाही. शेतकऱ्याच्या घरातला पैसा मात्र उभ्या आजारात जातो : डॉक्टरची फी, मेडिकलची चिठ्ठी, रक्त-लघवीची तपासणी, एसटी नाहीतर जीपचे भाडे, बुडालेली मजुरी.

हिशेब मांडू. समजा घरात म्हाताऱ्याला साखर आणि म्हातारीला रक्तदाब आहे. दोघांच्या गोळ्या मिळून महिन्याला आठशे रुपये धरा. वर्षाचे झाले ९,६००. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे अडीच क्विंटलांहून जास्त ज्वारी नुसत्या गोळ्यांत गेली, तीही हमीभाव हातात पडला तर. पाच लाखांच्या कार्डातून यातला एक रुपया मिळत नाही. मग माणूस काय करतो? भाव पडला की गोळ्या बंद करतो. दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका येतो, तेव्हा कार्ड चालू होते. साध्या गोळीला पैसा नाही, झटक्याला पाच लाख! असला उफराटा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याने आपल्या शेतात केला तर बायको त्याला घरात घेणार नाही. अळी दिसली की आपण फवारतो, बोंडे सडेपर्यंत थांबत नाही.

सरकारचे स्वतःचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४ टक्के लोक आपल्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये ते प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. उतरले, हे मान्य. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये त्या वर्षीही आजारी माणूस स्वतः मोजत होता, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते की २०२५ पर्यंत केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेतील. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

ग्रेडर तोच, गणवेश नवा

कापसाच्या एकाधिकार खरेदीचे दिवस जुन्या माणसांना आठवत असतील. गाडी भरून केंद्रावर न्यायची, रात्रभर थंडीत बसायचे, आणि सकाळी ग्रेडर मूठभर कापूस उपसून म्हणायचा, ‘ओला आहे, कवडी आहे, खालची ग्रेड.’ गाडी परत नेता यायची नाही म्हणून शेतकरी गप्प. आज दवाखान्याच्या खिडकीत हेच चालते. कार्डावरचे नाव शिधापत्रिकेशी जुळत नाही. बोटाचा ठसा उमटत नाही, कारण आयुष्यभर विळा-खुरपे धरून ठसे झिजले. दवाखाना यादीत आहे पण हा आजार यादीत नाही. आजार यादीत आहे पण वरून मंजुरी आली नाही. प्रत्येक वेळी ग्रेड खाली, आणि रुग्ण म्हणजे भरलेली गाडी, परत कुठे नेणार?

दुसऱ्या टोकाला काय चालते ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आले आहे. आयुष्मान योजनेच्या नोंदींत एकाच मोबाईल नंबरावर, तोही नुसत्या दहा नवांच्या, ७ लाख ४९ हजारांहून जास्त लाभार्थी नोंदलेले सापडले. आधीच्या उपचारात मरण पावले अशी नोंद असलेल्यांच्या नावावर पुन्हा उपचार झाल्याचेही दाखवलेले होते. खऱ्या माणसाच्या नावातली वेलांटी चुकली तर उपचार नाही, आणि मेलेल्या माणसाला मात्र उपचार!

दवाखानेवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारने ठरवलेले दर परवडत नाहीत आणि बिले महिनोन् महिने थकतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी दवाखान्यांनी थकबाकीपायी आयुष्मानचे रुग्ण घेणे थांबवले होते. सरकार आणि दवाखाना यांच्या या ओढाताणीत दोर तुटतो तो रुग्णाच्या गळ्याशी.

सुधारणा होत नाहीत असे नाही. ज्यांनी स्वतः हप्ता भरून कंपनीची पॉलिसी घेतली त्यांच्यासाठी विमा नियामकाने २०२४ साली काही चांगले नियम केले. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षे होती ती तीन केली. वयाची अट काढली. रोख न भरता उपचाराच्या अर्जावर एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यायला कंपन्यांना बांधले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ठीक आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्यांत पॉलिसीचा हप्ता भरणारे किती? आणि भरला तरी नऊ किलोमीटरवरच्या कपाटाची किल्ली त्या हप्त्याने सापडते का?

आपण हा धडा शिकलो आहोत

विमा म्हणजे काय हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा आला. नुकसान झाले की ७२ तासांत कळवा. नेट नाही, फोन लागत नाही, तरी कळवा. बांधावर पीक गेले असले तरी पुष्कळ वेळा हिशेब महसूल मंडळाच्या सरासरीवर. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विम्याचा गाजावाजा केला आणि २०२५ च्या खरिपात तो गुंडाळला. पुन्हा खरीप पिकाला २ टक्के, कपाशीला ५ टक्के हप्ता. म्हणजे एका सहीने आले, एका सहीने गेले. विम्याचा कागद सरकारच्या मर्जीवर असतो. विहीर, बांध, गोदाम मात्र एकदा उभे राहिले की राहते. आरोग्यातही विहीर आधी हवी.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा त्यांना काय हवे होते? गावाजवळच्या केंद्रात विषबाधा ओळखणारा डॉक्टर, अट्रोपिनचे इंजेक्शन, अंगावरचे विषारी कपडे काढून अंग धुवायला पाणी, जिल्ह्याला श्वासाची यंत्रे आणि रक्ताची तपासणी. यातली एकही गोष्ट कार्डातून निघत नाही. सापाचेही तेच. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातच, म्हणजे आपल्या निंदणी-डवरणीच्या दिवसांत. अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा, पाच लाख नाही.

‘सरकारने दुकान चालवू नये’ म्हणणाऱ्यांना

आमच्याच बैठकांत काही जण उठून विचारतात, ‘सरकारने कापूस खरेदी केली तेव्हा आपले वाटोळे झाले. आता सरकारी दवाखाना मागता? पैसा कार्डावर टाकावा, दवाखाना आपण निवडू.’

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. बाजार कुठे चालतो? जिथे घेणाऱ्याला माल कळतो, चार ठिकाणी भाव विचारता येतो, आणि परवडला नाही तर उठून जाता येते. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, सौदा मोडून घरी येतो. साप चावलेला माणूस काय बघणार? कुठली तपासणी लागते आणि कुठली नाही हे विकणाराच ठरवतो. आणि निवडायचे म्हणता, तर आपल्या तालुक्यात यादीतले दवाखाने मोजा. कित्येक ठिकाणी बोटांवर मोजायलाही बोट लागणार नाही. जिथे रस्ता, वस्ती आणि पैसा आहे तिथेच खासगी दवाखाना निघतो. कार्ड वाटल्याने कोरडवाहू गावात दवाखाना उगवत नाही. उलट कार्डाचा पैसाही शहराकडेच जातो.

आणि सरकारी कारभार नासलेला आहे म्हणून तो सोडून द्यायचा, हे कुठले शहाणपण? विहिरीत गाळ भरला तर आपण गाळ काढतो, विहीर बुजवत नाही.

भाताच्या देशाकडून एक गोष्ट शिकू

थायलंड हा आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश, श्रीमंत नाही. तिथे २००१-०२ मध्ये सगळ्या जनतेला उपचाराची हमी मिळाली. एका भेटीला तीस बाट, बाकी खर्च सरकारी करातून. भरती झालेल्याला मिळते आणि दवाखान्यात चालत जाऊन गोळी घेणाऱ्यालाही मिळते. लोक या योजनेचे नाव घेतात, पण तिच्या आधीची वीस वर्षे विसरतात. १९८० च्या दशकात त्या सरकारने शहरातल्या मोठ्या इस्पितळांवरचा हात आखडता घेतला आणि तालुक्या-तालुक्यात रुग्णालये, गावोगाव आरोग्य केंद्रे उभी केली. नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा सक्तीची होतीच. आधी दवाखाना, मग हमी. आपण उलटे केले, बैलाच्या आधी गाडी हाकली.

थायलंड लांब वाटत असेल तर तमिळनाडू घ्या. १९९४ मध्ये तिथे सरकारी दवाखान्यांना औषधे पुरवायला स्वतंत्र महामंडळ काढले. सगळी खरेदी एका ठिकाणी, माल तपासून, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, कुठल्या केंद्रात किती साठा उरला त्याची नोंद. आपल्या राज्याने औषध खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये, जवळपास तीस वर्षांनी.

आपल्याकडे कागद नव्हता असे नाही. भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते की पैसा नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, हा नियम सरकारचाच आहे. २००५ पासून गावोगाव आशाताई आल्या. रात्रीबेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणारी तीच, घरोघर माहिती गोळा करणारी तीच. आणि तिला काय? कामाला कर्मचारी, पगाराला स्वयंसेविका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे बंद केले. चांगले केले. पण केसपेपर फुकट आणि गोळी बाहेरून आणा, हा फुकटपणा काय कामाचा?

जिल्हा बैठकीपुढचा ठराव

म्हणून या बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव करावा, असे आम्ही सुचवतो :

१. प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरांची प्रत्येक जागा भरलेली हवी. कोण हजर, कोण कुठे गेले हे रोज फळ्यावर लिहावे.

२. जून ते नोव्हेंबर सापाची लस आणि अट्रोपिन प्रत्येक केंद्रात, दिवसरात्र हाताशी. किल्ली हजर माणसाकडे.

३. रक्तदाब, साखर, दमा, फिट, मानसिक आजार यांच्या गोळ्या गावाजवळ, दर महिन्याला, अखंड आणि फुकट.

४. बाह्यरुग्णाची तपासणी आणि औषधे योजनेत घ्यावीत.

५. कार्ड नाकारले तर कारण लेखी द्यावे, सही-शिक्क्यासह. दवाखान्यात आरोग्यमित्र रात्रीही हजर हवा. जीव धोक्यात असताना डिपॉझिट मागणाऱ्यावर कारवाई.

६. दवाखान्यांची बिले ठरल्या मुदतीत द्यावीत, उशीर झाला तर व्याजासह.

७. आशाताईंना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि ठरलेला पगार.

मागण्या करून घरी जायचे नाही. काही कामे आपलीच आहेत. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य समिती कागदावर आहे. तिचे सदस्य कोण ते शोधा आणि पुढच्या ग्रामसभेत तिला उभी करा. महिन्यातून एकदा चार जणांनी आरोग्य केंद्रात जाऊन हजेरीचा फळा आणि औषधांचा साठा पाहावा व वहीत लिहावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते; नसेल तर मागा. धर्मादाय दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात; हे लक्षात ठेवा आणि शेजाऱ्याला सांगा. चार-दोन तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या की जिल्हा परिषदेत टेबलावर आपटायला आपल्याकडे आकडे असतील. नुसत्या घोषणांना अधिकारी घाबरत नाही, वहीला घाबरतो.

कार्ड फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. काढले नसेल तर काढा, नावे तपासून घ्या, वेलांटी-उकार दुरुस्त करून घ्या. ते आपल्याच कराच्या पैशाचे आहे. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण कर भरतो, तेव्हा कुणी आपले कार्ड तपासत नाही.

पण कार्ड दाखवून आपल्याला गप्प करू नका, हे सरकारला सांगायची वेळ आली आहे. पुढच्या श्रावणात पुन्हा निंदणी येईल, पुन्हा साप निघेल. तेव्हा त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असेल, याचे उत्तर घेतल्याशिवाय या बैठकीतून उठायचे नाही.